मस्टर्डच्या बाजूचा माणूस

मैत्रेयीचा फोन आला तेव्हा मी न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत माझ्या ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये गाडी लावत होते. ही पोर शिकागोत जन्मली, तिथंच वाढली. आपण मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, हे आमचं वर्षानुवर्षं चालत आलेलं. त्या दिवशी मात्र ती मराठीत बोलली. "आत्या, बाबा गेली." एवढंच. मराठीतलं लिंग तिला कधी जमलं नाही, आणि तिचा बाबा दर वेळी न कंटाळता ते दुरुस्त करायचा. फोन कानाला धरून मी थांबले… मागून त्याचा आवाज येईल, 'गेली नाही गं, गेले' असं म्हणेल, म्हणून. मागून फक्त तिच्या आईचं, रोहिणीचं, रडणं ऐकू येत होतं.

मैत्रेयीचा बाबा, सिद्धार्थ, माझा सख्खा भाऊ नव्हता. शिकागोच्या युनिव्हर्सिटीत मी त्याच्या एक वर्ष पुढे होते. तो नागपूरचा, मी सोलापूरची. दोघंही आंबेडकरी घरांतले, त्यामुळे लॅबच्या दारात 'जय भीम' झालं आणि परकेपण तिथंच संपलं. मी वयानं थोडी मोठी म्हणून त्यानं मला ताई केलं, आणि पुढे मुलीलाही मावशी नव्हे, आत्या म्हणायला शिकवलं. तो पुलांचा इंजिनियर झाला. रोहिणीशी लग्न झालं तेव्हा डेव्हन ॲव्हेन्यूजवळच्या दोन खोल्यांत त्यांनी संसार मांडला, पुढे उपनगरात घर घेतलं. मी न्यू जर्सीला आले, तरी उन्हाळ्यात एकदा त्यांच्याकडे जाणं कधी चुकवलं नाही. त्याला कारण त्याच्या अंगणातलं हॉट डॉगचं जेवण, आणि त्या जेवणाला कारण एक खूप जुनी दुपार.

सिद्धार्थला अमेरिकेत येऊन जेमतेम आठवडा झाला असेल. कॉलेजजवळ एक खिडकीवजा दुकान होतं, तिथं मी त्याला घेऊन गेले. खसखस लावलेला मऊ पाव, त्यात सॉसेज, वर पिवळं मस्टर्ड, चिरलेला कांदा, गोडसर काकडीचं भडक हिरवं रेलिश, टोमॅटोच्या फोडी, व्हिनेगरमधली काकडी, छोट्या तिखट मिरच्या आणि शेवटी सेलरी घातलेलं मीठ. शिकागोचा हॉट डॉग असा असतो. सिद्धार्थनं सगळं घालून घेतलं आणि वर केचप मागितला. खिडकीतली बाई म्हणाली, "नो." त्यानं पुन्हा मागितला. तिनं नकारार्थी मान हलवली. मी पाहिलं, त्याचा चेहरा एकदम दगडासारखा झाला. तेवढ्यात रांगेतला एक म्हातारा हसून त्याला समजावू लागला, की या शहरात मोठी माणसं हॉट डॉगवर केचप घेत नाहीत, तो लहान मुलांसाठी असतो. त्याच्या मागच्या बाईला ते पटलं नाही. ती म्हणाली, मी पन्नाशीची आहे आणि रोज केचप घालून खाते. मग सगळी रांगच भांडायला लागली. कोणी म्हणालं केचपच्या गोडव्यानं मांसाची चव मरते, कोणी म्हणालं तुमच्या रेलिशमध्ये काय कमी साखर असते… आणि भांडत भांडतच ती सगळी माणसं बाहेरच्या एका लांब बाकावर खायला बसली. आम्हालाही सरकून जागा दिली.

त्यानं अर्धा हॉट डॉग संपवला. मग म्हणाला, "ताई, मला वाटलं, इथंही सुरू झालं." आणि मग त्यानं ती गोष्ट सांगितली. त्याचे वडील नागपुरात एका ऑफिसात कारकून होते. चौदा एप्रिलला त्यांनी ऑफिसातल्या लोकांना हौसेनं घरी बोलावलं. आईनं दिवसभर खपून स्वयंपाक केला. पाहुणे आले, बसले, गोड बोलले. पोट भरलंय म्हणाले आणि नुसते पेढ्यांचे पुडे घेऊन गेले. संध्याकाळी वडील बाहेर पडले, तर कोपऱ्यावरच्या भिंतीवर ते पुडे ओळीनं ठेवलेले. "बाबांनी ते घरी आणले आणि आईला सांगितलं, दुकानात उरले होते. आम्ही पोरांनी खाल्ले ते," सिद्धार्थ म्हणाला. मग बाकावरच्या त्या माणसांकडे बघून म्हणाला, "हे भांडण मला आवडलं बघ. यात कोणी बाटत नाही."

त्या दिवसापासून तो कट्टर मस्टर्डवाला झाला, आणि मी केचप सोडला नाही.

त्याच्या अंगणातल्या जेवणाला शेजारी यायचे, ऑफिसातले यायचे, मराठी मंडळी तर यायचीच. कोणी बीफ खाणारे, कोणी फक्त चिकन, कोणी शाकाहारी. सिद्धार्थ प्रत्येकासाठी वेगळी ग्रिल पेटवायचा, त्यात त्याला कमीपणा वाटत नसे. टेबल मात्र एकच, या एका गोष्टीवर तो हटून बसे. मग वाद सुरू व्हायचा. टेक्सासमधल्या प्लेनोहून त्याचा मावसभाऊ आला की वर खिमा आणि वितळलेलं चीज घालायचा. सिद्धार्थ त्याला म्हणायचा, "हॉट डॉगला गोधडी कशाला पांघरतोस?" रोहिणीनं ठेचा आणून ठेवला तर तो चोरून घ्यायचा आणि कोणी हटकलं तर, "मिरची नियमात बसते," म्हणायचा. मैत्रेयी लहान असेपर्यंत तिला केचप माफ होता. ती अठरा वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात त्यानं सगळ्यांसमोर जाहीर केलं, आजपासून सवलत बंद. ती शांतपणे बाटली पिळत म्हणाली, "इट्स माय हॉट डॉग, बाबा." "डॉग तुझा असेल," तो म्हणाला, "शहर माझं आहे." नागपूरचा माणूस हे बोलला, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

जिभेच्या मुळाशी गाठ निघाली ती त्याच्या पुढच्या हिवाळ्यात. रेडिएशन झालं, गाठ विरघळली, पण चव गेली. मी फोनवर विचारायची, आज काय खाल्लंस? तो म्हणायचा, "पुठ्ठा. काल ओला होता, आज कोरडा आहे." मग गिळणंही बंद झालं आणि पोटात नळी बसवली. उन्हाळा आला तेव्हा रोहिणी म्हणाली, "या वर्षी कॅन्सल करू या. सगळ्यांनाच जड जाईल." त्यानं ऐकलं नाही.

मी गेले. तो अंगणात खुर्चीवर बसला होता. ऊन असूनही अंगावर शाल, शर्टाची कॉलर मानेला सैल झालेली. माणसं आली, त्याचा हात हातात घेऊन बोलली आणि पांगली. त्याच्यासमोर घास घ्यायला कोणालाच धजवेना. कोणी गराजच्या आडोशाला उभं राहून खात होतं, कोणी बशी घेऊन घरात गेलं, कोणी भूक नाही म्हणालं. टेबल तसंच मांडलेलं, रिकामं. मी त्याच्या शेजारी बसले होते. तो त्या टेबलाकडे बघत होता. मग त्याच्या घोगऱ्या, तुटक आवाजात म्हणाला, "ताई, त्यांना सांग ना… माझ्या घरी येऊन न खाता जाऊ नका म्हणावं."

मी रोहिणीकडे पाहिलं. तिनं तोंड फिरवलं. मैत्रेयी ऐकत होती. ती उठली, एक हॉट डॉग घेतला, त्यावर कांदा घातला, भरपूर केचप घातला आणि बाबाच्या समोर खुर्ची ओढून बसली. पहिला घास घेतानाच तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती खात राहिली. "कसं लागतं?" त्यानं विचारलं. "मराठीत सांग." "गोड," ती म्हणाली. "आणि थोडी आंबट… आणि कांदा कच्ची आहे." "कच्चा," तो म्हणाला. "कच्चा आहे," ती म्हणाली. तो हसला. मग गराजमागून एकेक जण बशी घेऊन परत आला. टेबल भरलं. कोणीतरी केचपवरून मुद्दाम कुरापत काढली, तेव्हा सिद्धार्थनं हात वर करून मस्टर्डच्या बाजूनं मत दिलं. संध्याकाळी सगळे गेल्यावर मला म्हणाला, "वास येतो गं मला अजून. नाक राहिलंय." डोळे मिटून त्यानं विझत्या ग्रिलकडे तोंड वळवलं.

थंडीत गाठ परत आली, या वेळी फुप्फुसात. मी जाऊन आले तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं. मी माझ्या ऑफिसातलं, सोलापूरचं, काहीबाही सांगत राहिले आणि तो माझी बोटं धरून पडून राहिला. निघताना त्यानं हात लवकर सोडला नाही. झाडांना नवी पालवी यायच्या आत तो गेला. पन्नाशीही गाठली नाही.

त्याच्या पुण्यानुमोदनाला विहारातून भन्तेजी आले होते. हॉलमध्ये खूप माणसं होती, आणि सगळी जेवून गेली. रोहिणी दाराशी उभी राहून प्रत्येकाला विचारत होती, "जेवलात ना?"

गेल्या आठवड्यात मी पुन्हा त्यांच्याकडे राहून आले. सकाळी रोहिणीनं चहा ठेवला आणि मी दुधासाठी फ्रीज उघडला. दाराच्या कप्प्यात मस्टर्ड, रेलिश, केचप, सगळ्या बाटल्या झाकणावर उलट्या उभ्या होत्या. तळातलं वाया जाऊ नये म्हणून सिद्धार्थ त्या तशा ठेवायचा, आणि बाटल्या गळतात म्हणून रोहिणी रोज त्याच्यावर वैतागायची. मी एक सरळ करायला हात घातला.

"राहू द्या ताई," ती म्हणाली. "मी सरळ करते रोज. संध्याकाळी बघते तर पुन्हा उलट्या. मैत्रेयी करते. मी तिला विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही."

मी दूध काढून घेतलं. बाटल्या पडू नयेत म्हणून दार हळूच लोटलं.