नासकी

"उचल बेल," मालक म्हणाले.

मी उचलला नाही.

महादेवाच्या देवळापुढं अर्धं गाव बसलं होतं. श्रावणातला सोमवार. मालक सभामंडपात सतरंजीवर. त्यांच्या शेजारी महिनाभर पोथी सांगायला आलेले महाराज. पायऱ्यांच्या खाली मी, हातात रिकामी चरवी. दूध देवावर आधीच वाहून झालं होतं.

पिंडीवरचा चांदीचा नाग सापडत नव्हता. सकाळपासून गाभाऱ्याशी आलेले आम्ही तिघंच. पूजा करणारा गुरव, फुलं आणणारी माळीण आणि अभिषेकाचं दूध आणणारी मी. गवळ्याची पोर.

आमच्याकडं चोरी झाली की बेल उचलायची रीत होती. पिंडीवरचं बेलपान उजव्या हातात घ्यायचं आणि सगळ्यांसमोर म्हणायचं, मी हे केलं असेल तर माझं वाटोळं होवो. पान उचललं की माणूस सुटला. मग त्याला कोणी काही विचारत नसे. पुढचं महादेव पाहून घेईल, असं धरून लोक घरी जात.

गुरवानं उचलला. माळणीनं उचलला. मग बेलाचं ताट माझ्यापुढं आलं.

"काऊन? हात लुला झाला का तुहा?" मालकांनी विचारलं. लोक हसले.

"चोरी मी नाई केली, मालक."

"मंग उचल."

"नाई उचलत."

मी सोळा वर्षांची होते. मालक म्हणजे गावचे मालगुजार, सारी जमीन त्यांची. मालगुजारी कायद्यानं गेली म्हणत होते, पण ती फक्त कागदावरून गेली होती. मालकांसमोर आमच्या घरातल्या कोणी कधी नाही म्हटलेलं नव्हतं. माझा बाप मागं उभा होता. त्याच्या अंगावरचा सदरा घामानं छातीला चिकटलेला. मला तो तसाच आठवतो, पाठमोरा नसूनही पाठमोरा वाटणारा.

"त मंग चोर तूच," मालक म्हणाले.

तेव्हा माझं तोंड सुटलं. आजवर घरात जे झाकून ठेवलं होतं ते भर चौकात बाहेर पडलं.

"महादेवावर माहा भरोसा नाई, मालक. ज्याच्यावर भरोसा नाई त्याची शपथ घेतली, त ते शपथच खोटी होईन न."

कोणी हसलं नाही. महाराजांनी डोळे बारीक करून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "ही मुलगी नास्तिक आहे."

पोथीतला शब्द. आमच्या गावानं तो कधी ऐकलेला नव्हता. पायरीवरच्या बायांनी तो आपल्या कानानं ऐकला.

"काय म्हनले वो महाराज?"

"नासकी म्हनले."

"नासकीच आहे. खरं म्हनले बाप्पा."

दुधाच्या घरातल्या पोरीला नासकी. याहून वाईट शिवी शोधूनही सापडली नसती, आणि ती कोणी शोधलीही नव्हती. ऐकण्यातली चूक. पण ती चूक मला चिकटली ती चिकटलीच. मालकीणबाई उठल्या. माझ्या हातातली चरवी ओढून घेतली आणि पायऱ्यांवरून खाली भिरकावली. "नासक्या हाताचं दूध आजपासून बंद. आमच्याही घरी अन् देवाच्याही." चरवी ठणठण आपटत धुळीत गेली. मी ती उचलायला वाकले तर कोणीतरी म्हणालं, "पाय, चरवीसाठी वाकते. देवासाठी नाई वाकत."

सगळे पोट धरून हसले. माझ्या ओळखीचे लोक होते हे. माझ्या हातचं दूध पिऊन वाढलेली पोरं त्यांच्या मांडीवर होती.

घरी आल्यावर बाप ओट्यावर बसला. ओरडला नाही. तो ओरडणारा माणूसच नव्हता. गाईशीसुद्धा हळू बोलायचा.

"पोरी, तुह्यासाठी त ते नुस्तं पानच आहे न? झाडाचं पान. मंग उचलाले काय झालं?"

हाच प्रश्न मी तिथं उभी असताना स्वतःला विचारला होता. माझं काहीच जात नव्हतं. देव नाही म्हणणाऱ्याला तर बेल उचलणं सगळ्यात सोपं. शंभरदा उचलावा.

"माह्यासाठी पान आहे, बाबा. पण त्यायच्यासाठी देव आहे. मी पान उचललं असतं अन् त्यायले वाटलं असतं, इनं देवाची शपथ घेतली. मी त्यायले फसवलं असतं."

"फसवलं असतं त काय झालं असतं?"

मला एवढंच कळत होतं, की चोर नाही हे सांगण्यासाठी मला खोटं बोलायला लावत होते.

आता देव माझ्यातून कसा गेला ते सांगते. कोणी शिकवलं म्हणून नाही. चौथीपर्यंत शाळा झाली होती, तिथंही सरस्वतीला हार घालूनच पाटीला हात लावायचा. आईच्या तापात तो गेला.

आदल्या वर्षी याच दिवसांत आईला ताप भरला. उतरेना. बाबांनी हिंगणघाटच्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं. बंडीला बैल जुंपले. आत तणस पसरलं, वर गोधडी टाकली. आईला उचलून ठेवणार, तेवढ्यात मालकीणबाई आल्या. श्रावणभर अभिषेकाचं दूध बोला, म्हणाल्या, आणि नवस फिटेपर्यंत दुखणेकऱ्याला गावाची शीव ओलांडू देऊ नका, नाहीतर देव कोपतो. बाबांनी एकदा आईकडं पाहिलं, एकदा देवळाच्या कळसाकडं. मग बैल सोडले.

दूध मीच वाहून नेत होते. रोज. उत्तम दूध, पाण्याचा थेंब नसलेलं. आई घरात जळत होती आणि मी भरली चरवी घेऊन देवळात जात होते. नवस फिटायच्या आधीच ती गेली. मग गाव म्हणालं, नवस अपुरा राहिला म्हणून गेली. वाचली असती तर देवानं वाचवलं, म्हणाले असते. दोन्हीकडून देवच खरा. मी तेराव्यापर्यंत रडले, पण देवाजवळ नाही. तिथं कोणी ऐकणारं आहे असं मला वाटेचना. राग नव्हता. भांडण नव्हतं. कोणी नव्हतंच.

हे मी फक्त बाबांना सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "असू दे. पन मनातच ठेवजो. बोलजो नोको कोनाजवळ." वर्षभर मी ते मनात ठेवलं. दूध नेलं, घंटा वाजवली, कपाळाला अंगारा लावून घेतला. कोणाला काही कळलं नाही. चोरी केली का, एवढंच विचारलं असतं तर पुढंही कळलं नसतं. पण त्यांनी विचारलं नाही, शपथ मागितली.

त्या सोमवारनंतर आमचं दूध गावात कोणी घेईना. बाबा कावड खांद्यावर घेऊन जाम गावापर्यंत पायी जायला लागले. तिथं मोठ्या रस्त्यावर ट्रकवाले थांबायचे, चहाच्या टपऱ्या होत्या. टपरीवाल्याला दूध घट्ट आहे का एवढंच पाहायचं असे. उतारवयात ते ओझं. खांद्याला घट्टे पडले. वडनेरचं स्थळ जमत आलं होतं, तिकडून निरोप आला, पोरगी नासकी आहे असं ऐकलं. पोरं मला पाहून नाक धरायची. मला त्याचंही काही वाटेनासं झालं. वाटायचं ते बापाच्या खांद्याचं. मी त्याला तेल लावून द्यायची आणि तो म्हणायचा, "काई नाई व माय, कावडच आहे." तो लाडात आला की मला माय म्हणायचा.

आणि मग नाग सापडला.

देवळातलं पाणी तुंबलं होतं. पिंडीवरचं पाणी भिंतीतून बाहेर जातं त्या गोमुखात गुरवानं काठी घातली. कुजलेला बेल, फुलं, साईचा लगदा, आणि त्यात काळा पडलेला चांदीचा नाग. निर्माल्य लोटताना तोही लोटला गेला असणार. चोर नव्हताच कोणी. ज्यांनी बेल उचलला ते खरे आणि जिनं नाही उचलला तीही खरी.

मला वाटलं, आता मालक काही म्हणतील. म्हणाले. आमच्या घरी निरोप आला: "देवानं तुमच्या पोरीची लाज राखली. सोमवारी तिला घेऊन या. चारचौघांत डोकं टेकवून चुकी कबूल करू द्या. दूध पुन्हा सुरू करू."

लाज देवानं राखली होती. चुकी माझी होती.

सोमवारी सकाळी मी गाय पिळत होते. बाबा गोठ्याच्या दाराशी उकिडवे बसले होते.

"टेकून दे पोरी. माह्यासाठी."

"बाबा, मी चोर होती म्हनून नाई टेकवून राह्यले ते. मले देव नाई म्हनून टेकवून राह्यले."

"म्हाईत आहे मले."

"मंग?"

मग बोलले ते माझ्याशी की स्वतःशी, कळलं नाही.

"तू म्हंते देव नाई. चारचौघांत म्हंते. मी ऐकतो न ते. मले कसं वाटत असंन? देव नाई, त मंग मी बैल काऊन सोडले? बंडी जुंपलेली होती. देवानं नेलं म्हनून मी जगून राह्यलो, पोरी. देवच नाई, त तुह्या मायले कोनं मारलं? मीच न?"

माझे हात थांबले. गाईनं मागं वळून पाहिलं.

मला वाटत होतं, मी माझ्यापुरतं बोलले. माझा भरोसा, माझं तोंड. पण माझं प्रत्येक नाही या माणसाच्या छातीत जाऊन बसत होतं. त्याला देव हवा होता तो दूध विकायला नाही. स्वतःला माफ करायला हवा होता. मी उठले, त्याच्यापाशी गेले. त्याचा हात हातात घेतला. शेणामातीचा, बैल सोडणारा हात.

"तुमी नाई मारलं, बाबा. ज्यायनं सोडाले लावले त्यायनं मारलं."

"सोडले त मीच," तो म्हणाला आणि लहान लेकरासारखा रडला. मीही रडले. आई गेल्यापासून आम्ही दोघं एकत्र कधी रडलो नव्हतो.

मग चरवी भरून आम्ही देवळात गेलो. मालक, मालकीणबाई, तेच गाव. महाराज पोथी संपवून आपल्या गावी निघून गेले होते. त्यांनी मागं ठेवलेला शब्द तेवढा माझ्याजवळ राहिला होता.

"टेक डोकं," मालक म्हणाले. "मनात काई का असंना. आमाले काय करनं आहे तुह्या मनाशी? टेक अन् विषय संपव."

म्हणजे त्यांनाही कळत होतं, मी टेकलं तरी ते खोटं असणार. त्यांना खोटंच पाहिजे होतं. देवापुढं वाकायचं नव्हतंच मला, त्यांच्यापुढं वाकायचं होतं. त्यांनी कोणाकोणाचे बैल सोडायला लावले ते पुन्हा कोणी विचारू नये, यासाठी वाकायचं होतं.

मी बाबांकडं पाहिलं. त्यांनी हात जोडले होते. पिंडीकडं नाही. माझ्याकडं.

एवढं सोपं होतं. गुडघे वाकवायचे, कपाळ दगडाला लावायचं, उठायचं. बापाच्या खांद्यावरची कावड उतरली असती. त्याच्या मनाला एक टेकू मिळाला असता. पोरीनं डोकं टेकलं, म्हणजे देव आहे. देव आहे, म्हणजे मी मारलं नाही. जगात मला त्याच्याशिवाय कोणी नव्हतं, आणि तो माझ्यापुढं हात जोडून उभा होता.

मी त्याचे जोडलेले हात सोडवले.

"मालक, माही माय तापानं मेली. दवाखान्यात नेली असती त वाचली असती का नसती, मले म्हाईत नाई. पन माह्या बापानं बैल सोडले ते तुमच्या घरच्या सांगन्यावरून. त्याचा जाब द्या. मंग माह्या डोक्याचं पाहू."

मालकीणबाईंनी तोंडाला पदर लावला. मालक उठून आत गेले. मी चरवी उचलून बापाला घेऊन घरी आले. दुसऱ्या दिवसापासून कावड मी घेतली.

बाबा नंतर फार वर्षं राहिले नाहीत. मला त्यांनी कधी दोष दिला नाही. दर सोमवारी देवळाच्या बाहेर, रस्त्यावरूनच हात जोडायचे. आत त्यांना कोणी बोलवत नव्हतं. मी त्यांना अडवलं नाही, त्यांनी मला अडवलं नाही. पण मला माय म्हणायचं त्यांनी बंद केलं. का ते मी विचारलं नाही. विचारायची माझी हिंमत झाली नाही. शेवटी जाताना त्यांनी पाणी मागितलं, मी पाजलं, आणि त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत राहिली. माझ्याजवळ द्यायला ते नव्हतं.

लोक आजही म्हणतात, बापाच्या समाधानासाठी तरी टेकायचं होतं. शहाणी माणसं सांगतात, मनात ठेवावं, कोणाचं काय बिघडतं? लग्नाच्या मांडवात, मयताच्या घरी, पंचायतीत, माझ्यापुढं कुंकवाचं बोट येतं, आरतीचं ताट येतं, कोणी म्हणतं, घे, दाखवायपुरतं घे. मी घेत नाही. विचारलं तर सांगते, देव नाही. न विचारता कोणाच्या तोंडावर फेकत नाही. पण विचारलं तर गिळत नाही. त्या सोमवारी माझा बाप माझ्यापुढं हात जोडून उभा होता आणि मी गिळलं नाही. आता दुसऱ्या कोणासाठी गिळू?