मला एका माणसाचा दात हवा होता

परमुलखात राहणाऱ्या माणसाला देवसुद्धा परका वाटू लागतो. हे मी त्या काळी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण खरं तेच होतं. माझं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्रापासून दोन कोसांवर. पाचवीतून शाळा सुटली आणि मामाच्या मागोमाग मी धुळ्याला आलो. मामा कापसाच्या जीनमध्ये कामाला होता. वर्षाच्या आत तो तापानं गेला आणि मी तिथेच उरलो. पांझरेच्या काठी एकवीरेचं देऊळ आहे, तिथे मी मंगळवारी-शुक्रवारी जायचो, हात जोडायचो. पण आमच्याकडे देवीपुढे गुरव गाऱ्हाणं घालतो, नाव सांगतो, घराणं सांगतो, मग माणूस नुसता मान खाली घालून उभा राहतो. इथे माझं नाव सांगणारं कोण होतं? बायका त्या आईशी अहिराणीत बोलत, लाडानं भांडतसुद्धा. मी मुका उभा राहायचो आणि मुकाच परत यायचो. ही इथल्यांची आई आहे, आपली नाही, असं मनात पक्कं बसलं होतं.

पोटाला मात्र देवानं आधार दिला होता. एका म्हाताऱ्या दातांच्या डॉक्टरांकडे मला काम मिळालं. सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं. हत्यारं उकळणं, रुग्णाचं डोकं धरणं, लवंगेच्या तेलाचा बोळा करून देणं, असं करता करता सात वर्षं गेली. नानांची नजर अधू झाली तसा चिमटा माझ्या हातात येऊ लागला, पण ते शेजारी उभे असायचे तोवरच. मग त्यांनी दवाखाना बंद करून इंदूरला मुलाकडे जायचं ठरवलं. जाण्याआधी त्यांनी माझ्यासाठी खटपट केली. खेड्यापाड्यांतून फिरणाऱ्या दवाखान्यात दात काढायला माणूस हवा होता. जळगावला मोठ्या डॉक्टरांपुढे हातची परीक्षा द्यायची, त्यांनी दाखला दिला तर जागा मिळणार. नाही मिळाला तर नानांच्या दाराला कुलूप लागेल त्या दिवशी माझ्या डोक्यावरचं छप्परही जाणार होतं, कारण मी दवाखान्याच्या मागच्या खोलीतच राहत होतो.

चार महिने मी अभ्यास केला. दातांची इंग्रजी नावं मी देवनागरीत लिहून पाठ केली, तरी जिभेवर उलटीसुलटी यायची. पांढऱ्या खडूचे दात कोरले. खाटकाकडून बोकडाचा जबडा आणायचो, तो पाटावर बांधून दाढा काढायचो. खाटीक चाचा हसून म्हणायचे, "मेलेल्या बकऱ्याला काय दुखतंय बेटा, जित्या माणसाला हात लाव, मग समजेल." त्यांच्या थट्टेतच माझी अडचण होती. परीक्षेचा नियम असा होता की रुग्ण आपला आपण घेऊन यायचा. ज्याचा दात खरोखर काढायला झाला आहे असा जिवंत माणूस, आणि तो त्या दिवशी, त्या वेळी खुर्चीत हजर हवा. बाकी तिघे परीक्षार्थी जळगाव-भुसावळकडचे होते. कुणाचा चुलता होता, कुणाचा मेव्हणा. परक्या गावात पीठमीठ उसनं मिळतं, पण दात कुणाकडे मागायचा? मी नानांकडे रडगाणं गायलं तेव्हा ते म्हणाले, "अरे, माझाच दिला असता. पण तोंड बघ माझं, एक तरी शिल्लक आहे का?"

शेवटी मळ्यात काम करणारा दगडू नावाचा एक सालदार मिळाला. त्याची खालची दाढ हलत होती. परीक्षा अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी होती; तो माझ्याबरोबर जळगावला यायला कबूल झाला, मी निर्धास्त झालो. कोकणातल्या माणसाला काय ठाऊक, की खानदेशात सालदाराचं वर्ष अखाजीला संपतं आणि अखाजीलाच नवं लागतं? सणाच्या दिवशी संध्याकाळी आठवण द्यावी म्हणून मळ्यात गेलो तर त्याची झोपडी मोकळी. चुलीतली राखसुद्धा काढून नेलेली. मळ्याचे मालक आबा बाजेवर बसले होते. माझं बोलणं ऐकून ते कपाळावर हात मारून हसले.

"अरे भाऊ, अखाजीले सालदारनं साल सरस. तो गया शिरपूरकडे, नवा मालकनी गाडीमा. बठ्ठा खान्देशले माहीत शे, तुलेच कसं माहीत नही?"

"पण तो हो म्हणाला होता, आबा."

"त्यानी हो म्हटं व्हई. सालदार काय, कोनलेबी हो म्हनस."

तिथून मी गल्लोगल्ली फिरलो. झाडांना झोके बांधलेले, माहेरी आलेल्या लेकी गाणी म्हणत होत्या, ओट्याओट्यावर पत्त्यांचे डाव पडले होते. मी ज्याच्या त्याच्या पुढे उभा राहून विचारत होतो, तुमचा दात दुखतो का? एका म्हातारीनं मला हाकलून दिलं, सणासुदीला तोंडातून रक्त काढायला निघालाय म्हणून. पत्ते खेळणाऱ्यांतला एक म्हणाला, "मना सासराना काढ, बठ्ठा काढ." सगळे हसले. मीही हसलो, आणि पुढच्या वळणावर भिंतीला टेकून उभा राहिलो. एवढ्या माणसांनी भरलेल्या गावात आपलं म्हणावं असं एक तोंड नाही, हे इतकं उघडं मला आधी कधी दिसलं नव्हतं.

सकाळी गाडीच्या आधी एकवीरेला गेलो. नवस बोलायचा विचार होता, पण बोलायला लागलो तर नवसाला लागणारे शब्दच सुचेनात. नारळ देईन, ओटी भरीन, हे सगळं माझ्याच तोंडून मला खोटं वाटू लागलं. मग मी फक्त एवढं म्हणालो, "आई, माझ्याच्यानं आता काही होत नाही. तुला वाटेल ते कर." यात भक्ती नव्हती, हे प्रामाणिकपणे लिहितो. दमलेल्या माणसानं डोक्यावरचं ओझं रस्त्यात टाकून द्यावं, तसं ते बोलणं होतं. नियम मोडला म्हणून मोठे डॉक्टर बाहेर काढतील, काढू देत, पण नानांनी तिकिटासह पाठवलं आहे तर तोंड दाखवून यावं, एवढ्याच विचारानं मी हत्यारांची पेटी घेऊन गाडीत बसलो.

चाळीसगावला गाडी बदलली. जळगावकडच्या गाडीत गर्दी होती, माहेराहून परतणाऱ्या बायका, पोरं, गाठोडी. मी खिडकीशी पेटी मांडीवर घेऊन बसलो होतो. समोरच्या बाकावर कुणीतरी कण्हत होतं, आणि मला लाज वाटते सांगायला, पाचोरा गेलं तरी ते कण्हणं माझ्या कानात शिरलं नव्हतं. सात वर्षं मी ज्या आवाजावर जगलो तोच आवाज हातभर अंतरावर होता, आणि मी माझ्या दुःखात असा बुडालो होतो की ऐकू येत नव्हता. शेवटी तीच बोलली. पन्नाशीची बाई, हनुवटीखालून डोक्यावर फडकं बांधलेलं, डावा गाल वांग्यासारखा सुजलेला.

"काय रे भाऊ, ती पेटीमा काय शे? लेकरूसारखी मांडीवर धरेल शे तू."

"दात काढायची हत्यारं आहेत, अक्का."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हसायला गेली, आणि गाल धरून कळवळली. तिचं गाव जळगावच्या पुढचं, भादलीजवळ. अखाजीला भावाकडे गेली होती आणि तीन दिवसांत तिच्या पोटात अन्न गेलं नव्हतं. "भावजय म्हने, अक्काले आते आमना हातनं गोड लागस नही. तिले काय सांगू? देवले म्हटं, गाडीमाच मराले नको, घर जाऊ दे. आन त्यानी तुले धाडं."

मी तिला सगळं सांगितलं. माझ्याकडे दाखला नाही, मी आज परीक्षेला निघालो आहे, तिथे मोठे डॉक्टर पाहतील आणि त्यांच्यासमोर मीच दाढ काढीन, हे न लपवता सांगितलं. ती नाही म्हणेल अशी खात्री असूनही सांगितलं. ती म्हणाली, "मना दातले काय कळस, तुनी परीक्षा व्हयेल शे का नही? चाल, काढी टाक." भादलीला तिचा मुलगा बैलगाडी घेऊन येणार होता. त्याच डब्यातल्या गावकरणीला तिनं निरोप सांगितला, संध्याकाळच्या गाडीनं येते म्हणून, आणि माझ्यामागे जळगावला उतरली.

मोठ्या डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवून स्वतः तपासलं. बाकी तिघांचे रुग्ण हलणारे दात घेऊन आले होते, माझा दगडूही तसाच होता. अक्काची दाढ मात्र घट्ट होती, दोन मुळांची, आतून किडलेली. डॉक्टरांनी मला विचारलं, "ही जमेल?" मी "प्रयत्न करतो" म्हणालो. सुई बरोबर लागली, ओठ बधिर झाला. अक्कानं माझ्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं होतं, मी तसंच धरू दिलं. चिमटा बसवला, हळूहळू दाढ सैल केली, आणि ओढताना बारीकसा टक असा आवाज आला.

तो आवाज फक्त मी ऐकला. डॉक्टर पलीकडच्या खुर्चीशी वळले होते. दाढ हातात आली होती, पण मागच्या मुळाचं टोक गोल असतं ते सपाट होतं. जोंधळ्याएवढा तुकडा आत राहिला होता. बोळा दाबला असता तर कुणाला कळलं नसतं. महिन्या दोन महिन्यांनी कुठेतरी भादलीच्या खेड्यात ते मूळ पुन्हा सुजलं असतं, तोवर दाखला माझ्या खिशात असता. हे सगळं माझ्या मनात क्षणात येऊन गेलं, मी साधू नाही. मग सकाळचं देवळातलं वाक्यच माझ्या तोंडून निघालं, फक्त ते मी माणसाला म्हणालो. "साहेब, मूळ तुटलंय. माझ्याच्यानं आता होत नाही."

डॉक्टर आले. दाढ उजेडात धरून त्यांनी विचारलं, "आत दिसतंय का?"

"नाही साहेब. पण टोक सपाट आहे."

त्यांनी आत पाहिलं, एक बारीक हत्यार उचललं, आणि मला वाटलं आता ते मला बाजूला करतील. त्यांनी ते माझ्या हातात दिलं आणि माझं मनगट खालून धरलं. "घाई नको. मला नको बघू, तिच्याकडे बघ." त्यांच्या हाताच्या आधारानं माझा हात चालला. किती वेळ गेला कळलं नाही. तुकडा बाहेर आला तेव्हा त्यांनी तो स्वतः बशीत टाकला आणि टेबलाशी जाऊन लिहायला बसले. कागद देताना एवढंच म्हणाले, "दाढ काढताना जोर खांद्याचा लावतोस. मनगट वापर." कागदावर सही होती. मी तो दोनदा वाचला, तरी माझं नाव तिसऱ्याच कुणाचं असावं असं वाटत होतं.

अक्काला स्टेशनवर पोचवायला गेलो. सबंध वाटेत बोलणारी ती बाई आता तोंडात बोळा धरून गप्प होती, नुसत्या डोळ्यांनी हसत होती. गाडी यायला अवकाश होता. तिनं गाठोडं सोडलं आणि आतून एक फडकं काढून माझ्या मांडीवर ठेवलं. भावजयीनं बांधून दिलेल्या सांजोऱ्या होत्या. मी नको नको म्हणालो. तिनं आपल्या गालाकडे बोट केलं, मग माझ्याकडे, आणि बोळ्याआडून कसंबसं म्हणाली, "माले चावता येस का? खाय. अखाजीनं शे." मी खाऊ लागलो. मी एकेक तोंडात घालत होतो आणि ती, तीन दिवसांची उपाशी बाई, माझ्याकडे असं बघत होती की जणू तिचंच पोट भरत होतं. खानदेशात सात वर्षांहून जास्त राहिलो होतो, पण अखाजीचं गोड कुणी समोर बसून खाऊ घातलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

पुढे त्या दवाखान्याबरोबर मी अनेक गावं फिरलो, पुष्कळ दात काढले, काहींची मुळं तुटली, तीही सांगून काढली. लोक विचारतात, चमत्कार झाला का? मला सांगता येत नाही. गाडीत दात दुखणारं माणूस भेटणं यात नवल काय, असं कुणी म्हणालं तर मी वाद घालत नाही. मला वाटत होतं आईनं तिला माझ्यासाठी पाठवलं, तिला वाटत होतं देवानं मला तिच्यासाठी धाडलं. आम्हा दोघांपैकी कुणाचं खरं, हे मी आईला कधी विचारलं नाही. मला कळलं ते एवढंच, की आपलं बळ संपलं हे सांगायला लाजू नये. देवळात सांगावं, माणसापुढेही सांगावं. मनगट धरणारा हात त्यानंतरच येतो. आता मी एकवीरेपुढे उभा राहिलो की माझं नाव, गाव, घराणं माझं मीच सांगतो, आणि ते मोडक्यातोडक्या अहिराणीत सांगतो. शेजारच्या बायका हसतात. आईही हसत असेल.