काच धरणारी चुळबुळी

हसू नका, पण मला वाटलं पोरीला संधिवात झाला! माझ्या बहिणीची ही धाकटी, चाळिशीची बाई, खुर्चीत बसताना "आई गं" आणि उठताना "आई आई गं". मी लगेच तेलाची बाटली घेऊन तिच्या दारात. तर ही फिदीफिदी हसते. "मावशी, गुडघे शाबूत आहेत माझे. काल जिममध्ये बैठका मारल्यात." जिम! मी बाटली परत आणली आणि मनात म्हटलं, आठ दिवसांचं खूळ. तेही चुकलंच माझं.

घरात तिला सगळे चुळबुळी म्हणतात. एका जागी बसेल तर शपथ. अर्धवट विणलेल्या स्वेटरांनी कपाट भरलंय, आणि समोरच्याचं वाक्य संपायच्या आत हिचं उत्तर तयार. आता अशा बाईने कशाच्या दुकानात असावं? काचेच्या! वडिलांमागे थोरला भाऊ आणि ही, दोघं मिळून चालवतात. भाऊ काचा कापतो, बसवतो, ही गल्ल्यावर. जुना मदतनीस काम सोडून लेकीकडे राहायला गेला आणि ही हट्टाला पेटली, आता दुसरं टोक मी धरणार.

मोठी काच म्हणजे दोघांचं काम. एकाने ती चौकटीत दाबून धरायची, दुसऱ्याने कडेच्या पट्ट्या ठोकायच्या. ठोकून होईपर्यंत धरणाऱ्याने हलायचं नाही. पहिल्याच काचेला हिच्या नाकाला खाज आली. नाक खाजवलं, काच गेली.

"एकदाच झालं ना रे दादा!"

"काच एकदाच फुटते," भाऊ म्हणाला. "कोपऱ्यावरच्या बेकरीचं बांधकाम संपलं की तिची दर्शनी काच बसवायचं काम आपल्याकडे आहे. तेव्हा धरून दाखव. नाहीतर मी माणूस ठेवतो आणि तू गल्ल्यावर. कायमची."

चुळबुळीला कायमचं बसवणं म्हणजे जन्मठेपच की! म्हणून ते जिम.

तिथे शिकवायला एक ठेंगण्या बाई आहेत, शाळेतून निवृत्त झालेल्या पी.टी.च्या. हिने पहिल्या दिवशी दांडीला हाताला लागतील तेवढ्या प्लेटा चढवल्या. बाईंनी शांतपणे सगळ्या उतरवल्या आणि नुसती दांडी हातात दिली. "उचलतं कोणीही. खाली ठेवताना आवाज आला तर ते उचललेलं मी मोजणार नाही."

धाडकन. पुन्हा उचल. धाडकन. पुन्हा.

"वेड लागेल मला, मावशी! जरा उचललं की म्हणतात बसा. नुसतं बसायचं! अंगाला मुंग्या डसतात माझ्या."

"मग सोड."

"सोडतेच."

दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन निघाली. म्हणे, "मन नसलं तर नुसती दांडी उचलून जा, पण या, असं सांगितलंय बाईंनी." कुरकुरत गेली, कुरकुरत आली. घरात पाहुणे असले तरी गेली, आणि ते पाहुणे म्हणजे मी!

हळूहळू मलाच चैन पडेना. घरात दारं आपटायची बंद झाली. माझ्यापुढे चहाचा कप कधी आला ते कळायचं नाही. आणि कहर म्हणजे, माझं बोलणं ती शेवटपर्यंत ऐकून घ्यायला लागली. मला कुठली एवढी सवय! मध्येच विसरायचे मी, काय सांगत होते ते.

बेकरीची काच लागली त्या दिवशी मी पाव आणायला म्हणून गेले. बेकरी उघडायची होती अजून, पण ते सोडा. काच माझ्यापेक्षा उंच. हिने दोन्ही तळवे लावून ती दाबून धरलेली, पाय रोवलेले. भाऊ पट्टी ठोकायला लागला, तर पट्टी बसेना. काढली, घासली, पुन्हा लावली, पुन्हा काढली. इथे माझा जीव टांगणीला. मी पदर पिळतेय, या पायावरून त्या पायावर होतेय. तेवढ्यात एक मेली माशी हिच्या नाकावर येऊन बसली.

"शूऽ, शूऽ!" मी लांबूनच ओरडले.

"मावशी, गप," ती ओठ न हलवता म्हणाली.

मांड्या लटलट कापत होत्या तिच्या. हात मात्र जागचे हलले नाहीत. माशी कंटाळून उडाली. शेवटची पट्टी बसली. भाऊ "सोड" म्हणाला, तरी तिने एकेक बोट सावकाश काढलं.

शाबासकी द्यायची म्हणजे भावाच्या जिवावर येतं. उकिडवा बसून हत्यारं गोळा करत म्हणाला, "उद्या दवाखान्याची काच आहे. जिना चढायचाय. खालचं टोक मी धरणार."

"खालचं मी. सगळा भार खाली येतो."

"म्हणूनच मी. मी मोठा आहे."

"वयाने, दादा. गुडघ्यांनी नाही."

"माझ्या गुडघ्यांना काय झालंय?"

"काही नाही? मग ऊठ. हात न टेकता."

भावाने माझ्याकडे पाहिलं. "मावशी, सांग की हिला काहीतरी!"

"मी तर गप्प आहे बाबा. मला आत्ताच सांगितलंय तसं."

त्याने जोर लावला. अर्ध्यावर आला, डुलला, आणि गुपचूप हत्यारांच्या पेटीवर हात टेकला.

"बरं बरं," तो म्हणाला, "खालचं तुझं."