शिवणीतला केस

दुपारभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मान पार आखडली. संग्रहालयात उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांचा फरचा जुना अंगरखा आलाय, लहान मुलाचा. कुठला तुकडा कुठल्या प्राण्याचा, ते मी केसांवरून ओळखते. अंगाला रेनडिअर. तोंडापाशी लांडगा, कारण त्याच्यावर गोठलेला श्वास झटकला की पडतो.

शिवणीत मात्र एक लांबच लांब केस दिसला.

"तुमचाच असेल, मॅडम," शेजारच्या टेबलावरची सुलभा म्हणाली.

माझे कधीच पिकलेत. हा काळाभोर होता, टाक्यात आवळलेला. कुणी आई शिवत बसली असेल, थंडी यायच्या आत संपवायचं म्हणून. तिचीही मान अशीच आखडली असेल.

"चिमट्यानं काढू?" सुलभानं विचारलं.

"नको गं. फार घट्ट शिवलाय तिनं."