गल्लीकडे पाठ

मुरुम गावच्या महादेव गल्लीत रुद्रम्मा तीस वर्षे बेल-फुले विकते आहे. केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात शेवंती गुंफावी, प्रत्येक गाठीला शिवनाम घ्यावे, येणाऱ्या प्रत्येकाला नावाने हाक मारावी. हीच तिची पूजा, हाच तिचा प्रपंच.

गल्लीतल्या महादेवाच्या देवळासमोर पूर्वी अकरा दुकाने होती. ती पाडून तिथे मोठा मार्ट उभा राहिला. त्याचे तोंड हमरस्त्याकडे. गाड्या लावायला ऐसपैस अंगण, तेही तिकडेच. गल्लीच्या वाट्याला आली दोनशे फूट कोरी भिंत आणि माल उतरवण्याचे एक लोखंडी दार. ना ओटा, ना दिवा, ना "काय रुद्रम्मा, बरी हाईस का" म्हणणारे कोणी. सज्जनहो, वाट पावलांच्या जपावर जगते. तो जपच थांबला. त्या भिंतीलगत चालायला बायका बिचकू लागल्या. त्यांनी संध्याकाळचे दर्शन सकाळवर नेले, पुढे फक्त सोमवारवर.

मुलगा बसवेश म्हणाला, "अव्वा, टोपली उचल. हमरस्त्यावर मार्टम्होरं बस. गिऱ्हाईक तिकडं हाय."

"आन् महादेवाला बेल कोण दील? तुझा मार्ट?"

ती उठली आणि भिंतीला वळसा घालून थेट मार्टच्या मॅनेजरकडे गेली. दिग्विजय नावाचा तरुण, स्वभावाने नम्र.

"साहेब, देवळातनं निघताना आमी देवाला पाठ दावत न्हाय, मागं मागं सरकत येताव. तुमी तर बांधतानाच देवाकडं पाठ केली. ते गल्लीतलं दार उघडा."

"मावशी, ते मालाचं दार आहे."

"मालाला वाट, मान्साला न्हाय? आमी काय पोत्याहून जड हाव व्हय?"

दिग्विजयला हसू आवरेना. "पण तिथं राखणीला कोणीतरी लागेल."

"म्या हाय की! इतकी वर्सं दुसरं काय करतेय?"

सोमवारी चार ते सात दार उघडायचे ठरले. त्या सोमवारी साखर-साबणाच्या पिशव्या सावरत माणसे गल्लीत उतरली, समोर देऊळ पाहून चपला काढू लागली. त्या भिंतीच्या भीतीने चार महिने घरीच बसलेली म्हातारी शांतम्मा सुनेचा हात धरून आली. रुद्रम्माने तिच्या ओंजळीत बेल ठेवला.

मंगळवारी दार पुन्हा बंद.

"अव्वा, झाला की तुझा सोमवार," बसवेश म्हणाला.

तिने टोपली नेमकी त्याच दाराशी मांडली आणि पत्र्यावर थाप मारली.

"दिग्विजय साहेब, आज मंगळवार हाय! आजबी द्येव हितंच हाय!"

आत कोणीतरी हसले. मग कडी सरकली.