शिवेपासनं

आमच्या गावाचा इतिहास माझ्या वडिलांच्या मामांइतका कुणालाच ठाऊक नाही, आणि त्यांच्याकडून तो शेवटपर्यंत ऐकलेला माणूसही कित्येक वर्षं गावात नव्हता. याला कारण त्यांची पद्धत. इतिहास बसून सांगायचा नसतो, चालत सांगायचा असतो, असं मामाआजोबांचं ठाम मत. कोडोलीच्या पलीकडं एका चिंचोळ्या दरीत आमचं गाव चढत गेलंय. नवी घरं खाली शिवेजवळ, सगळ्यात जुनी वर झऱ्यापाशी. शिवेच्या दगडापासून जसजसं वर चढावं, तसतसा काळ मागं जातो. मधे कुणी बोललं की सूत्र तुटलं. मग पुन्हा खाली शिवेवर.

आता आमच्या गावात कुणी न बोलता राहील का? डेअरीपाशी दुधाची कॅन घेतलेला कुणीतरी ओरडायचाच, "काय आण्णा, कुठवर आला इतिहास?"

"तुझ्या आज्जाच्या म्हशीपातूर आलता, गाढवा! घालवलास!" आणि मामाआजोबा धोतर सावरत माघारी. एका नव्या जावयाला त्यांनी एका सकाळी चार वेळा शिवेवर नेलं. तो पुढच्या दिवाळीला आलाच नाही.

मी मात्र त्यांची लाडकी. कोल्हापुरात, इंग्रजी शाळेत वाढलेली आणि मुळातच कमी बोलणारी. "ही गप ऱ्हाती. हिलाच कळंल," म्हणायचे. खरं तर निम्मे शब्द मला कळत नसत आणि विचारायचा धीर होत नसे.

गेल्या उन्हाळ्यात अख्खं गाव ट्रॅक्टर भरभरून एका लग्नाला गेलं. त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा झऱ्यापर्यंत पोचलो. मामाआजोबा दगडावर टेकले. "खिंडीतनं सात घरची माणसं उतरली. जायचं हुतं पुढं. पर एका बाईचा गुडघा सुजला, तिला चालवंना. चार दिस थांबू म्हणाली. अजून थांबल्यात."

"तिचं नाव काय?" मी विचारलं आणि जीभ चावली.

त्यांनी खाली शिवेकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "ते मला कुणी सांगितलंच न्हाय की," हळूच म्हणाले. त्या दिवशी ते माघारी फिरले नाहीत.

पावसाळ्यानंतर त्यांचाच गुडघा गेला. मी वही घेऊन समोर बसले, तर त्यांना डेअरीच्या पुढचं काही आठवेना. "बसल्यावर सगळं जातंय बघ. मी गेलो की ऱ्हायलेलं बी जाईल," भिंतीकडं बघत म्हणाले.

म्हणून मागच्या रविवारी मी शिवेवर उभी राहिले, फोन कानाला लावला आणि त्यांना सांगत सांगत चढू लागले. एवढं सलग मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. पलीकडं ते गप्प. डेअरीपाशी एक काकू ओरडल्या, "काय गं पोरी, कुनासंगट बोलतीस एवढं?"

मी थांबले. काकूंचा आवाज फोनमध्ये गेलाच. मग ते हसले.

"जा माघारी. मी हाय की हितं."