मास्तर गप्प बसले

देवासमध्ये चिंतामणी मास्तरांइतका भित्रा माणूस शोधून सापडायचा नाही. टेकरीवर रोप-वे सुरू होऊन किती वर्षं झाली, पण मास्तर अजून पायऱ्या चढूनच देवीला जातात. कुकरची तिसरी शिट्टी झाली की ते स्वयंपाकघराच्या बाहेर. असा माणूस दर हिवाळ्यात दोन-तीनदा मोटारसायकलवर मागे बसून मांडवगडला जातो कसा, तर खंडोजीमुळे. खंडोजी म्हणजे शाळेत एका बाकावर बसलेला, पुढे कारखान्यातून निवृत्त झालेला दोस्त. त्यानं "चल" म्हटलं की मास्तरांना नाही म्हणता येत नाही.

मागे बसून मास्तर अखंड बोलत. "खंडोजी, डावीकडे म्हैस. ट्रक आला, ट्रक! पुढे खड्डा आहे रे." या खेपेला निघताना त्यांच्या पत्नीनं, लतिकाबाईंनी, दारातच सुनावलं, "अहो, भावजींचे कान किटवता तुम्ही. साठी उलटली, आज तरी शोभेल असं बसा." मास्तरांना ते फार लागलं. आज जीव गेला तरी तोंड उघडायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं.

इंदूर मागे पडलं, धार आलं. रुंद सडकेवर काही बिघडलं नाही. फक्त खंडोजी पुन्हा पुन्हा मान वळवून विचारी, "काय मास्तर, झोपला का?" धारला पोहे खाताना तर तो गयावया करायला लागला. "नाराज आहे का माझ्यावर? ऐसा चुप मत बैठ भिया, मजा नाही येत." मास्तरांनी नुसती मान हलवली. आपली बडबड कुणाला तरी हवी आहे, हे ऐकून त्यांना मनातून बरंही वाटलं.

घाट लागला. प्रत्येक वळणावर गाडी डावीकडे, दरीच्या अंगाला सरकत होती. एकदा तर चाक डांबर सोडून खडीवर गेलं, करकरलं, आणि मास्तरांना खाली झाडांचे शेंडे दिसले. त्यांनी दात आवळले. ओरडायचं नाही, ओरडायचं नाही. शेवटी त्यांनी डोळेच मिटून घेतले.

गडाच्या वाटेवर एक जुना दगडी दरवाजा आहे, सडक त्याच्यातूनच जाते. मास्तरांनी डोळे उघडले तेव्हा दरवाजाची डावी भिंत अगदी समोर होती आणि खंडोजी आरामात तिच्यावर गाडी घालत होता.

"भिंत! खंडोजी, डावीकडे भिंत!"

करकचून ब्रेक लागला. हँडल दगडाला घासलं, मास्तरांची पँट गुडघ्यावर फाटली, आणि गाडी थांबली.

मास्तर उतरले. "एवढी मोठी भिंत दिसली नाही तुला?"

खंडोजीनं रुमालानं तोंड पुसलं. "तू सांगितलं नाही ना," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात चक्क तक्रार होती.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. काला मोतिया, म्हणजे काचबिंदू. डावा डोळा दोन वर्षांपूर्वीच गेलेला. "उजव्यानं समोरचं दिसतं, बगलेचं नाही. पण तू बोलतो तर चालून जातं. सगळं सांगतो ना तू."

मास्तर रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसले. ज्या भित्रेपणाची लाज बाळगून ते आज गप्प बसले होते, त्याच्याच भरवशावर दोघं दोन वर्षं जिवंत घरी पोचत होते. मग त्यांना एकदम आठवलं.

"आणि अनन्या? नातीला रोज सकाळी शाळेत तूच सोडतोस ना?"

"तिच्यासंग खेळ लावलाय मी," खंडोजी म्हणाला. "डावीकडून गाडी आली की पहिले कोण सांगतं. रोज तीच जिंकते. हुशार आहे छोरी."

जन्मभर मास्तर नाही नाही त्याला भ्याले, पण इतके कधीच भ्याले नव्हते. खंडोजीच्या मुलाला, रणवीरला, कळवायला त्यांनी खिशातून फोन काढला.

"नको मास्तर," खंडोजीनं त्यांचं मनगट धरलं. "रणवीर गाडी विकून टाकेल. मग मी घरात बसून काय करू? तूच सांग."

मास्तरांना रडू येत होतं आणि दोस्ताचा भयंकर रागही येत होता. त्यांनी मनगट सोडवून घेतलं आणि नंबर लावला.

"रणवीर, काका बोलतोय. मोठी गाडी घेऊन मांडवगडला ये, आम्हाला घेऊन जा. नाही रे, लागलं नाही कुणाला. आणि ऐक, अनन्याला..." पलीकडून रणवीर "काय झालं अनन्याला?" म्हणून ओरडत होता.

खंडोजीनं मास्तरांच्या हातातून फोन घेतला.

"रणवीर, छोरीला उद्यापासून तू सोड शाळेत," तो म्हणाला. "मला दिसत नाही."